पॉइंट रेयसमधले पाच दिवस: बॉबकॅट, गोफर आणि ओली माती

सोमवार

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ओलांडून उत्तरेला निघालं की साधारण दीड तासात ओलेमा गाव येतं आणि तिथून अगदी जवळ बेअर व्हॅलीचं माहिती केंद्र. पॉइंट रेयस म्हणजे पॅसिफिक महासागरात घुसलेला जमिनीचा त्रिकोण. सॅन अँड्रियास भ्रंश त्याला बाकीच्या कॅलिफोर्नियापासून तोडतो. टोमालेस बे नावाची लांब, अरुंद खाडी ही त्याच भ्रंशरेषेवरची बुडालेली दरी. १९६२ साली या भागाला राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचा दर्जा मिळाला. आत यायला तिकीट नाही. फोनला मात्र बहुतेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि पेट्रोल पॉइंट रेयस स्टेशन गावातच भरून घ्यावं. पुढे पंप नाही.

इथे यायचं ते बॉबकॅट हे आखूड शेपटीचं रानमांजर शिकार करताना पाहायला. बॉबकॅट दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत सगळीकडे आहे, पण बहुतेक ठिकाणी तो झाडोऱ्यात आणि संधिप्रकाशात वावरतो, दिसतो तो रस्ता ओलांडताना दोन सेकंद. इथे जानेवारीत तो भर दिवसा उघड्या कुरणात शिकार करतो. याचं कारण मांजरात नाही, कुरणात आहे. गुरांनी चरून आखूड ठेवलेलं गवत आणि त्याखाली गोफर या उंदरासारख्या, जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्याची बिळं असं दोन्ही एकत्र इथे मैलोन्‌मैल पसरलेलं आहे. गोफर हिवाळी झोप घेत नाही. दिवस-रात्र थोडा थोडा वेळ काम करतो. म्हणून त्याच्यावर जगणाऱ्यालाही दिवसा काम मिळतं.

पहिला दिवस मांजर शोधण्यात घालवू नये. जमीन वाचण्यात घालवावा. गोफरने उकरलेली माती पंख्यासारखी एका बाजूला पसरते आणि बिळाचं तोंड त्या पंख्याच्या मुठीपाशी, मातीच्या बुचाने बंद केलेलं असतं. चिचुंद्रीसारखा दिसणारा मोल इथे आहे, त्याचा ढिगारा मात्र चहूबाजूंनी सारखा, छोट्या ज्वालामुखीसारखा असतो. मोलच्या ढिगाऱ्यापाशी बॉबकॅटची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिसरी खूण व्होलची. हा आखूड शेपटीचा, गोलसर शेतउंदीर. त्याची बिळं उघडी, दोन बोटं जातील एवढी, आणि बिळाबिळांना जोडणाऱ्या पायवाटा गवतात कातरल्यासारख्या दिसतात.

ताजा ढिगारा ओळखायचा रंगावरून. ओली, काळपट, भुसभुशीत माती म्हणजे आजची. वरून साय धरल्यासारखी, पावसाच्या थेंबांचे खळगे पडलेली माती कालची किंवा त्याआधीची. पाऊस पडून गेल्यावर पहिले दोन दिवस सर्वांत चांगले, कारण जमीन मऊ असते आणि गोफर जोरात उकरतो. बेअर व्हॅलीजवळच्या कुरणात संध्याकाळपर्यंत एका उतारावर चौदा ताजे ढिगारे मोजले. मांजर एकही नाही. पण त्याच उताराखालच्या चिखलात पावलं होती: रुंदी जेमतेम पाच सेंटिमीटर, आकार गोल, नखं उमटलेली नाहीत, आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन फुगवटे. कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याचं पाऊल लांबट असतं आणि पुढच्या दोन नखांचे टोचे बहुतेक वेळा दिसतात. बॉबकॅट चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या ठशात टाकतो. नवीन जागी पाऊल पडत नाही म्हणून काटकी मोडायची शक्यता निम्मी होते. दबा धरताना हीच सवय त्याच्या कामी येते.

मंगळवार

सूर्य ७ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास उगवतो. पावणेसातला पिअर्स पॉइंट रोडवर असावं, म्हणजे उजाडायच्या आधी अ‍ॅबट्स लगूनपर्यंतचा टप्पा हळू गाडीने पालथा घालता येतो. तापमान पाच अंशांच्या आसपास, दव भरपूर. दुर्बीण ८×४२ पुरेशी. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरच्या खालची लेन्स असेल तर फोटोचा मोह सोडून नुसतं पाहावं. गाडी हीच लपण. रस्त्याच्या पांढऱ्या रेषेच्या पूर्ण बाहेर लावायची, इंजिन बंद, काच खाली, दार उघडायचं नाही. बॉबकॅट उभ्या गाडीकडे दुर्लक्ष करतो, पण गाडीतून उतरणाऱ्या दोन पायांच्या आकृतीकडे करत नाही.

८ वाजून १० मिनिटांनी रस्त्यापासून साठेक मीटरवर एक नर दिसला. दिसला म्हणजे आधी दगड वाटला. ओळख पटली ती कानांमुळे: काळ्या कानामागचा पांढरा ठिपका दर काही सेकंदांनी फिरत होता. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात, आणि जेव्हा दोन्ही एकाच बिंदूवर थांबतात तेव्हा समजावं की आवाज सापडला. इथून पुढे घड्याळ लावून पाहिलं.

८:१२. उतारावरून पाच-सहा मीटर सरकला. पोट जमिनीला जवळजवळ टेकलेलं, खांद्याची हाडं पाठीच्या वर आलेली. एका ढिगाऱ्यापासून दीड मीटरवर थांबला.

८:१२ ते ८:३१. काहीच नाही. बसला नाही, उकिडवा राहिला. चारही पावलं अंगाखाली, मान पुढे. एकोणीस मिनिटांत एकदा डोळे मिटले, एकदा आकाशाकडे पाहिलं, कारण वरून भोवत्या पक्षी गेला. बाकी वेळ नजर बिळावर.

८:३१. ढिगाऱ्याच्या टोकाची माती हलली. गोफर माती ढकलायला येतो तेव्हा आधी मातीचा लोट बाहेर पडतो, मग पुढचे पाय आणि डोकं दिसतं, आणि लगेच तो उलटा आत जातो. पहिल्या लोटाला मांजराने उडी मारली नाही. दुसऱ्यालाही नाही. मागचे पाय जागच्या जागी दोन-तीनदा रोवले, आखूड शेपटीचं टोक थरथरलं.

८:३३. तिसरा लोट आणि उडी. उडी लांब नव्हती, कमानदार होती. शरीर वर गेलं आणि दोन्ही पुढचे पंजे एकत्र खाली आले. पंजे रिकामेच राहिले.

चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसलं. उडीच्या क्षणी गोफर खांद्यापर्यंत बाहेर नव्हता, फक्त नाक आणि पुढचे पाय बाहेर होते. गोफर बिळात पुढे जितक्या वेगाने जातो जवळजवळ तितक्याच वेगाने मागे जातो. शेपटी चाचपडायला वापरतो. अर्धं अंग बाहेर नसेल तर पंजा पोचेपर्यंत तो गेलेला असतो. आणि एकदा दचकला की बिळाचं तोंड बुचाने बंद करतो. त्या ढिगाऱ्यापाशी थांबून राहणं मग फुकट. नराने बिळात एक पंजा कोपरापर्यंत घातला, वास घेतला आणि निघून गेला. तिथे त्याने उकरलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. उकरणं हा बॅजरचा धंदा. मांजराची नखं आत ओढलेली राहतात म्हणून टोकदार राहतात. ती माती उकरण्यात झिजवणं त्याला परवडणारं नाही.

पुढच्या पाऊण तासात त्याने चार ढिगारे बदलले. चौथ्यापाशी, ९:२० ला, बरोबर जमलं. या वेळी गोफर बिळाबाहेरचं गवत कुरतडायला आला होता, माती ढकलायला नव्हे. गवत खाताना तो बिळाच्या तोंडापासून लांब जात नाही, मागचे पाय बहुधा आतच ठेवतो, पण डोकं खाली आणि पाठ उघडी असते. मांजराने उजव्या पंजाने त्याला आडवा दाबला आणि मानेच्या मुळाशी चावला. पंजा आधी आणि चावा नंतर, हा क्रम महत्त्वाचा. गोफरचे पुढचे पिवळे दात ओठांच्या बाहेर असतात आणि तो जोरात चावतो. मोकळा गोफर तोंडात धरला तर मांजराच्या नाकाचं नुकसान. सुळे मणक्यांच्या फटीत शिरतात, तिथली मज्जारज्जू तुटली की धडपड संपते. दोन-तीन सेकंदांचं काम.

खाण्याची पद्धत पाहण्यासारखी. शिकार तोंडात धरून तो आधी वीसेक मीटरवरच्या कायोटी ब्रश नावाच्या झुडपापाशी गेला, उघड्यावर खाल्लं नाही. मग डोक्यापासून सुरुवात. खाताना मान एका बाजूला कलते, कारण कापायचे दात गालाकडे असतात आणि मांजराचा जबडा फक्त वर-खाली चालतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही. बॉबकॅटला एकूण २८ दात. दळायचे दात जवळजवळ नाहीतच. म्हणजे तो चावून खात नाही, कातरतो आणि गिळतो. केस, हाडं, कातडी सगळं गेलं. चार मिनिटांत आटोपलं. मागे उरलं ते जठर आणि आतड्याचा हिरवा गोळा. असा गोळा पायवाटेवर दिसला तर आसपास नुकतंच मांजर जेवलं असं समजायला हरकत नाही.

दुपारी वारा सुटला. पॉइंट रेयसचा वारा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आणि शिकारीच्या दृष्टीने त्याचा परिणाम मोठा आहे: बॉबकॅट नाकापेक्षा कान आणि डोळ्यांवर शिकार करतो. गवत सळसळायला लागलं की मातीखालचा कुरतडण्याचा आवाज बुडतो. दुपारी १२ ते साडेतीन या वेळात एकही मांजर दिसलं नाही. ४ नंतर वारा पडला आणि त्याच उतारावर एक ग्रेट ब्लू हेरॉन उभा होता. आपल्या राखी बगळ्याचा हा थोराड भाऊबंद. पाण्यात नाही, कुरणात, गोफरच्या ढिगाऱ्यापाशी, सकाळच्या मांजराइतकाच निश्चल. बगळा कुठे उभा आहे ते पाहून ठेवावं. त्याला मातीतली हालचाल आपल्याआधी कळते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे मांजर यायची शक्यता चांगली असते.

बुधवार

पहाटेपासून पाऊस. मुसळधार पावसात मांजर झुडपात बसून राहतं. गाडी फिरवून उपयोग नाही. दिवस विष्ठा पाहण्यात घालवला, आणि ते कमी कामाचं नव्हतं.

बॉबकॅटची विष्ठा घट्ट, खंडाखंडांत तुटलेली, टोकं बोथट, जाडी दीड ते अडीच सेंटिमीटर. पायवाटेच्या मध्यभागी किंवा दोन वाटा मिळतात तिथे, कधी मागच्या पायांनी खरडलेल्या लहानशा पट्ट्यावर. कायोटीची लांब, पिळवटलेली, टोकाला केसांची शेपटी आणि बऱ्याचदा फळांच्या बिया. हाताने उकलू नये; मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मासारखे परजीवी माणसाला येतात. दोन काड्या आणि भिंग घ्यावं. वाऱ्याकडे पाठ करून फोडावं, म्हणजे धूळ तोंडावर येत नाही. लिमँटूर रोडजवळच्या एका वाटेवर मिळालेल्या नमुन्यात तीन गोष्टी निघाल्या: गोफरचे रुंद, पिवळे, पुढून सपाट दात, व्होलच्या दाढांचा नागमोडी त्रिकोणांचा नक्षीदार तुकडा, आणि मऊ राखाडी केस, जे ब्रश रॅबिटचे असावेत.

ब्रश रॅबिट हा इथला छोटा ससा, वजन किलोच्या आत. एक ससा म्हणजे चार-पाच गोफर. तरी उघड्या कुरणात मांजर गोफरवरच जास्त वेळ का घालवतं, हा प्रश्न पडतो. उत्तर दुपारी मिळालं. पाऊस थांबल्यावर मडी हॉलोच्या बाजूला एक मादी झुडपाच्या कडेने सशाच्या मागावर होती. ससा झुडपापासून दोन मीटरवर चरत होता आणि ती बारा मीटरवर. ती तीन मीटरपर्यंत पोचली असती तर उडी होती. नऊ मीटरच्या आसपास असताना लावे ओरडले. कॅलिफोर्निया क्वेल या लाव्यांचा थवा झुडपात असला की एकाला दिसलं ते सगळ्यांना कळतं. ससा एका झेपेत आत. मादीने पाठलाग केला नाही. बॉबकॅटचं शरीर झेपेसाठी आहे, लांब धावण्यासाठी नाही. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, पळ काही मीटरचा. ससा मोठा घास खरा, पण त्याला राखणदार पुष्कळ. गोफरचा राखणदार कोणी नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला फ्रीमाँट, सॅन रामोन, प्लेझंटन इकडे टेकड्यांच्या पायथ्याशी अनेक मराठी घरं आहेत आणि अंगणातला गोफर हा तिथला रोजचा त्रास. त्याला विष घालू नये. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या सँटा मोनिका डोंगरांत रक्त पातळ करणाऱ्या उंदीरनाशकांचा अंश बॉबकॅटच्या शरीरात सापडला आणि त्याचा संबंध खरजेने मरणाऱ्या मांजरांशी दिसून आला. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होतो. मांजराला तोच आधी सापडतो. २०२१ च्या सुरुवातीपासून राज्यात या विषांच्या जहाल पिढीच्या बहुतेक वापरावर बंदी आहे. पर्याय सोपा आहे: झाड लावताना खड्ड्यात तारेच्या जाळीची टोपली बसवणं, वाफ्याखाली अर्ध्या इंचाची जाळी अंथरणं, आणि गरज पडलीच तर बिळातला सापळा.

गुरुवार

ओलेमा खोऱ्यातल्या एका वाटेपासून तीस मीटर आत कावळे जमले होते. दुर्बिणीतून काळ्या शेपटीच्या हरणाचं गेल्या वसंतातलं पिल्लू पडलेलं दिसलं, अंगावर गवत आणि पालापाचोळा ओढलेला. असं काही दिसलं तर आधी थांबावं आणि भोवताल पाहावा. पॉइंट रेयसमध्ये माउंटन लायन, म्हणजे प्यूमा, आहे, आणि झाकून ठेवलेल्या शिकारीजवळ जाणं म्हणजे तिच्या मालकाच्या ताटाजवळ जाणं. जवळ गेलो नाही. दुर्बीण आणि लांब लेन्सचे फोटो एवढ्यावर जे वाचता आलं ते असं.

झाकण कशाने घातलं हे खरडीच्या लांबीवरून कळतं. मांजर शिकारीशेजारी उभं राहून पंजा लांब करून पालापाचोळा ओढतं. त्याचा हात जेवढा लांब तेवढीच खरड. इथल्या खरडी ३० ते ४० सेंटिमीटरच्या वाटत होत्या. माउंटन लायनच्या याहून खूप लांब असतात. झाकणही अर्धवट होतं, पोट झाकलेलं आणि पाय उघडे. बॉबकॅट कित्येकदा असंच उरकतो.

दुसरी खूण केस. मागच्या मांडीवरचे केस उपटून बाजूला पडले होते, झुबक्याझुबक्याने. मांजर मोठं जनावर खाण्याआधी केस असे उपटतं; कायोटी केसांसकट फाडतो आणि हाडं, तुकडे इकडेतिकडे ओढत नेतो. तिसरी खूण फासळ्या. दोन फासळ्यांची टोकं कातरलेली होती, पण लांब हाडं अख्खी. बॉबकॅटच्या जबड्याला हरणाचं मोठं हाड फुटत नाही.

यावरून खाणारा बॉबकॅट हे जवळजवळ नक्की. मारणारा तोच का, हे यातून ठरत नाही. हिवाळ्यात बॉबकॅट आयतं मेलेलंही खातो, आणि इथून रस्ता दोनशे मीटरवर आहे. गाडीचा धक्का बसलेलं पिल्लू तिथपर्यंत आलं असेल. ते ठरवायचं तर गळ्याची कातडी सोलून सुळ्यांमधलं अंतर मोजावं लागतं. बॉबकॅटचं ते सव्वादोन-अडीच सेंटिमीटर, माउंटन लायनचं जवळजवळ दुप्पट. आणि चाव्याभोवती रक्त साकळलेलं असेल तरच जनावर चावताना जिवंत होतं. ते काम उद्यानातल्या जीवशास्त्रज्ञांचं, प्रवाशाचं नव्हे. जागा टिपून बेअर व्हॅलीच्या केंद्रात कळवली.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे बाऊल आठवावं. उसाच्या फडात आणि गवताळ माळावर फिरणारं आपलं हे रानमांजर बॉबकॅटसारखंच उंदरांवर जगतं, आणि शेतकऱ्याचं तेवढंच काम करतं. फरक एवढाच की बॉबकॅट हा लिंक्स गटातला, हरणाच्या पिल्लापर्यंत मजल मारू शकणारा.

शुक्रवार

पुन्हा पिअर्स पॉइंट रोड. रात्री आभाळ निवळलं, जमीन ओली, वारा शून्य. बुधवारच्या पावसानंतरचा दुसरा दिवस, आणि ताजे ढिगारे जागोजागी. तीन तासांत तीन वेगवेगळी मांजरं दिसली.

तिसरं होतं गेल्या वसंतात जन्मलेलं, आठ-नऊ महिन्यांचं. अंगाने जवळजवळ पूर्ण, पण चेहऱ्याच्या कडेची आयाळ अजून विरळ. आई कुठे दिसली नाही. या वयाची पिल्लं हिवाळ्यात आईपासून सुटतात, आणि बरीच या पहिल्या हिवाळ्यात उपाशी राहतात. ते का, हे तासाभरात दिसलं. पहिल्या ढिगाऱ्यापाशी ते चार मिनिटं थांबलं, दुसऱ्यापाशी दोन. मातीचा पहिलाच लोट दिसला की उडी. एकदा बुच लावलेल्या, जुन्या, साय धरलेल्या ढिगाऱ्यावर झेप घेतली. एकदा चक्क उकरायला लागलं. मंगळवारच्या नराने एकोणीस मिनिटं जे केलं नाही ते सगळं या पिल्लाने पंधरा मिनिटांत केलं.

९:४० ला दोन रेव्हन, म्हणजे मोठे कावळे, येऊन त्याच्या डोक्यावर ओरडू लागले. पिल्लू दबकत कुरणाच्या खालच्या अंगाला, जिथे गुरं पोचत नाहीत आणि गवत घोट्याच्या वर वाढलेलं आहे, तिथे गेलं. जानेवारी २०२५ मध्ये पर्यावरण संघटना, गोठेवाले आणि उद्यान यांच्यात तडजोड झाली आणि इथले बहुतेक गोठे बंद करायचं ठरलं. गुरं गेली की असं उंच गवत वाढणार. उंच गवतात व्होल वाढतात, मांजरांना खायला मिळेल, पण रस्त्यावरून ती आजच्यासारखी दिसतील का, हे पुढच्या काही हिवाळ्यांत पाहायचं आहे. त्या गवतावर आपल्या कापशीची जवळची नातलग, पांढऱ्या शेपटीची काइट, एका जागी पंख फडफडवत होती. म्हणजे खाली व्होल होते.

पिल्लू तिच्या खाली थांबलं. कान फिरले, दोन्ही एकाच बिंदूवर आले. या वेळी ते थांबलं. घड्याळात सात मिनिटं झाली. मग उडी, उंच, गवताच्या वरून कमान करून, आणि दोन्ही पंजे एकत्र खाली. डोकं वर आलं तेव्हा तोंडातून आखूड शेपटी लोंबत होती. व्होलला झुडपापर्यंत न्यायची गरज नसते. डोक्याकडून दोनदा कातरला, गिळला, मिनिटभरही लागलं नाही. जठर मागे ठेवलं नाही. मिशा चाटल्या, आणि सात-आठ मीटर पुढे जाऊन पुन्हा उकिडवं झालं. काइट अजून वर तिथेच होती.